बी-६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि पायांना येणाऱ्या मुंग्या : मात्रा कमी पडते आहे की जास्त होते आहे?

निशिगंध

नमस्कार. माझे वय ५४ वर्षे आहे. गेली सात वर्षे मला मधुमेह असून त्यासाठी मी मेटफॉर्मिन घेते आणि साखर बहुतेक वेळा आटोक्यात असते. दीड वर्षापूर्वी सतत थकवा जाणवू लागला, तेव्हा मी डॉक्टरांना न विचारता स्वतःच बी-कॉम्प्लेक्सची गोळी सुरू केली. पुढे रात्री पोटऱ्यांत गोळे येत म्हणून मॅग्नेशियम, केस गळू लागले म्हणून केसांसाठीची एक गोळी आणि काही राहून जायला नको म्हणून एक मल्टिव्हिटॅमिन, अशी त्यात भर पडत गेली. पहिले दोन-तीन महिने मला खरोखरच बरे वाटले, हेही नमूद करायला हवे.

आठ महिन्यांपूर्वी दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मुंग्या येणे म्हणजे बी जीवनसत्त्वाची कमतरता असे मी नेहमी ऐकत आले होते, त्यामुळे एका बी-कॉम्प्लेक्सच्या जागी रोज दोन गोळ्या घेऊ लागले. त्रास मात्र कमी होण्याऐवजी घोट्यांपर्यंत चढला. अनवाणी असतानाही पायांत मोजे घातल्यासारखे वाटते, आणि गेल्या आठवड्यात साबणाने तोंड धुताना डोळे मिटले तेव्हा अचानक तोल गेला व बेसिनची कड धरून मी स्वतःला सावरले. पायांत ताकद पूर्वीइतकीच आहे, जिने चढताना काही अडत नाही. फक्त पाय नेमका कुठे टेकला आहे ते कळत नाही.

बी गटातील जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात, त्यामुळे जास्त झालेली लघवीवाटे निघून जातात आणि त्यांचा अपाय होत नाही, असे सर्वत्र सांगितले जाते. माझी लघवीही गोळी घेतल्यावर गडद पिवळी होते, म्हणजे जास्तीचे बाहेर पडत असावे असे मी धरून चालले होते. तीन महिन्यांपूर्वी केलेल्या तपासणीत बी-१२ ‘सामान्य’ आले होते. मी मात्रा आणखी वाढवावी, की हा त्रास गोळ्यांमुळेच होत असण्याची शक्यता आहे? डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली आहे. तोवर काय पाहून ठेवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पारिजात

निशिगंधताई, मलाही मेटफॉर्मिन सुरू असताना असाच त्रास झाला होता आणि तो बी-१२ च्या कमतरतेमुळे निघाला. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास आतड्यातून बी-१२ शोषले जाण्याचे प्रमाण कमी होते, आणि कमतरता पुरेशी वाढली की पायांना मुंग्या, बधीरपणा व चालताना डगमग ही लक्षणे दिसू लागतात. डॉक्टरांनी मला इंजेक्शने दिली आणि काही महिन्यांत फरक पडला. म्हणून माझी एकच विनंती आहे, की घाबरून सगळ्या गोळ्या एकदम बंद करू नका, कारण तुम्हाला बी-१२ ची खरोखरच गरज असू शकते.

जुना फार्मासिस्ट

औषधांच्या व्यवसायात माझी तीस वर्षे गेली आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करण्याचा मला अधिकार नाही. परंतु ताईंनी दिलेली हकीकत वाचून मला राहवले नाही.

पारिजात यांनी बी-१२ बद्दल लिहिले आहे ते बरोबर आहे आणि डॉक्टर ती शक्यता तपासतीलच. मधुमेहानेही मज्जातंतूंना इजा होते, तीही शक्यता आहेच. पण या दोन्हींच्या जोडीला तिसरी एक शक्यता आहे आणि तिचा विचार बहुतेक वेळा सर्वांत उशिरा होतो : बी-६, म्हणजे पायरिडॉक्सिन, प्रमाणाबाहेर घेतल्यामुळे होणारी मज्जातंतूंची इजा. ज्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने मज्जातंतू बिघडतात, त्याच जीवनसत्त्वाच्या अतिरेकानेही ते बिघडतात आणि दोन्हींची पहिली खूण मुंग्या हीच असते. त्यामुळे माणूस आजार वाढवणारी गोळीच औषध समजून वाढवत नेतो. ताईंनी एकाच्या दोन गोळ्या केल्या तेव्हा नेमके हेच घडले असण्याची शक्यता आहे.

ही माहिती नवी नाही. १९८३ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात सात रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. ते सगळे रोज २ ते ६ ग्रॅम पायरिडॉक्सिन घेत होते. त्यांच्या चालण्यात डगमग होती, हातापायांची संवेदना गेली होती, परंतु स्नायूंची ताकद शाबूत होती. दोनच वर्षांनी आणखी सोळा रुग्णांची नोंद आली आणि त्यांतील काहींची रोजची मात्रा ०.२ ग्रॅम, म्हणजे २०० मिलिग्रॅम इतकी कमी होती. त्या नोंदीतून एक गोष्ट पुढे आली, ती अशी की मात्रा जितकी कमी तितका लक्षणे दिसायला वेळ जास्त लागतो. म्हणून ‘इतके महिने घेत आहे, काही झाले नाही’ हा फार भरवशाचा पुरावा ठरत नाही.

आता ‘पाण्यात विरघळते, म्हणून निघून जाते’ या समजुतीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सारे नुकसान तिथूनच सुरू होते. बी-६ पाण्यात विरघळते हे खरे आहे, पण शरीरातील बहुतांश बी-६ स्नायूंमध्ये एका विकराला (एन्झाइमला) बांधलेले असते आणि हा साठा निम्म्यावर यायला सुमारे तीन-चार आठवडे लागतात. लघवीचा गडद पिवळा रंग बी-२ मुळे, म्हणजे रायबोफ्लेविनमुळे येतो. त्यावरून बी-६ किती बाहेर पडले आणि किती आत राहिले, याचा काहीही बोध होत नाही.

इजा कुठे होते तेही समजून घेण्यासारखे आहे. मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना संवेदी पेशींचे लहान लहान पुंजके असतात आणि पायाच्या अंगठ्यापासून निघालेला संवेदनेचा तंतू तिथल्या पेशीपर्यंत पोचतो. मेंदूला आणि बहुतेक मज्जातंतूंना रक्तातील पदार्थांपासून वाचवणारी जशी भिंत असते, तशी पक्की भिंत या पुंजक्यांभोवती नसते. त्यामुळे रक्तात वाढलेल्या पायरिडॉक्सिनचा मार तिथे आधी बसतो. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी वेगळ्या ठिकाणी, त्या भिंतीच्या आत असतात, म्हणून ताकद टिकते आणि फक्त जाणीव जाते. पाय कुठे टेकला आहे हे पायाकडून कळेनासे झाले की मेंदू डोळ्यांच्या आधारे तोल सांभाळतो. डोळे मिटले किंवा अंधार झाला की तो आधारही जातो. तोंड धुताना तोल जाणे हे या कारणासाठी महत्त्वाचे लक्षण आहे आणि ताईंनी ते डॉक्टरांना न विसरता, आपण सांगितले त्याच शब्दांत सांगावे. मधुमेह आणि बी-१२ च्या कमतरतेतही हे लक्षण दिसू शकते, त्यामुळे एवढ्यावरून दोष कोणाचा ते ठरत नाही.

तोवर एक काम करा. चारही डब्या टेबलावर घ्या, भिंग लागले तर भिंग घ्या, आणि प्रत्येक डबीच्या मागच्या बाजूला ‘पायरिडॉक्सिन’, ‘पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड’, ‘पायरिडॉक्सल फॉस्फेट’ किंवा ‘बी-६’ यांपैकी जे लिहिले असेल ते शोधून आकडा कागदावर उतरवा. दिवसाला किती गोळ्या घेता त्याने गुणा आणि मगच बेरीज करा. पुढच्या बाजूवरील नावावर जाऊ नका. मॅग्नेशियम असे मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या डबीतही बी-६ असू शकते.

निशिगंध

आपण सांगितल्याप्रमाणे दुपारी बसून सगळे उतरवले. बी-कॉम्प्लेक्सच्या एका गोळीत ५० मिलिग्रॅम, आणि मी दोन घेते, म्हणजे १००. मॅग्नेशियमच्या एका गोळीत १० मिलिग्रॅम, त्याही दोन, म्हणजे २०. मल्टिव्हिटॅमिनमध्ये १० आणि केसांच्या गोळीत ५. एकूण बेरीज १३५ मिलिग्रॅम होते. मॅग्नेशियमच्या डबीवर बी-६ चा उल्लेख इतक्या बारीक अक्षरांत आहे, की दीड वर्षात मी तो एकदाही वाचला नव्हता. शिवाय प्रत्येक डबीवर ‘दररोज घेण्यास सुरक्षित’ असे लिहिलेले आहे. हा १३५ आकडा मोठा समजायचा का?

जुना फार्मासिस्ट

होय, मोठा आहे. प्रौढ माणसाची रोजची गरज साधारण १.३ ते १.७ मिलिग्रॅम इतकीच असते आणि सामान्य आहारातून ती बहुतेकांची भागते. म्हणजे आपण गरजेच्या सुमारे ऐंशी ते शंभर पट घेत आहात.

वरची मर्यादा किती असावी याबाबत वेगवेगळ्या संस्थांचे आकडे वेगवेगळे आहेत. अमेरिकेत १९९८ साली ठरलेली प्रौढांची मर्यादा रोज १०० मिलिग्रॅम आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा आधी २५ होती. २०२३ साली उपलब्ध पुराव्यांचा पुन्हा आढावा घेऊन त्यांनी ती १२ मिलिग्रॅमवर आणली. ऑस्ट्रेलियात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त रोजची मात्रा देणाऱ्या गोळ्यांवर मुंग्या, जळजळ किंवा बधीरपणा जाणवल्यास गोळी थांबवण्याची सूचना छापावी लागते. आपली बेरीज यांतील सर्वांत सैल मर्यादेच्याही वर जाते.

एक तांत्रिक बाब सांगतो. डबीवर आकडा पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइडचा असेल, तर ५० मिलिग्रॅममध्ये प्रत्यक्ष पायरिडॉक्सिन सुमारे ४१ मिलिग्रॅम असते. त्या हिशेबाने आपली बेरीज थोडी खाली येईल, पण निष्कर्ष बदलणार नाही.

‘दररोज घेण्यास सुरक्षित’ हे प्रत्येक डबीपुरते लिहिलेले असते. आपल्या घरी बाकीच्या तीन डब्या आहेत हे डबी बनवणाऱ्याला माहीत नसते. ती बेरीज कोणीच करत नाही, आणि माझ्या अनुभवात बहुतेकांचे प्रमाण असेच वाढलेले आढळते.

आज संध्याकाळीच आपल्या डॉक्टरांना दूरध्वनी करून हा आकडा सांगा आणि या चारही गोळ्या भेटीपर्यंत थांबवू का असे विचारा. मेटफॉर्मिन मात्र बंद करू नका. आणखी एक महत्त्वाची सूचना इतर वाचकांसाठी आहे : क्षयरोगासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्यांना बी-६ मुद्दाम दिलेले असते, कारण ते औषध शरीरातील बी-६ चे कार्य अडवते आणि त्यामुळेही मज्जातंतूंना इजा होते. गरोदरपणातील मळमळीसाठीही ते ठरावीक मात्रेत देतात. डॉक्टरांनी कारण पाहून लिहून दिलेली गोळी हा धागा वाचून कोणीही बंद करू नये.

पायवाट

जुना फार्मासिस्ट यांच्या ज्ञानाबद्दल आदर राखून माझा वेगळा अनुभव मांडतो. मी नऊ वर्षे रोज ५० मिलिग्रॅमची बी-कॉम्प्लेक्स घेत आहे आणि मला मुंग्या किंवा बधीरपणा कधीही जाणवला नाही. माझ्या परिचयातील अनेकजण घेतात. ग्रॅमच्या हिशेबात घेणाऱ्यांची उदाहरणे देऊन मिलिग्रॅम घेणाऱ्यांना सावध करणे मला पूर्णपणे पटत नाही. ताईंना मधुमेह आहे, तो सोडून गोळ्यांवर ठपका ठेवण्याची घाई होत नाही ना?

जुना फार्मासिस्ट

पायवाट, आपला प्रश्न रास्त आहे. ५० मिलिग्रॅम घेणाऱ्या बहुतेकांना काहीही होत नाही, हे मला मान्य आहे. परंतु कमी मात्रेवरही, अगदी ५० मिलिग्रॅमच्या आतबाहेर, त्रास झालेल्यांच्या नोंदी औषध नियंत्रण संस्थांकडे आल्या आहेत आणि अशा पुराव्यांचाही विचार करून मर्यादा खाली आणल्या गेल्या. एकाला होतो आणि दुसऱ्याला होत नाही असे का, याचा उलगडा अद्याप पूर्णपणे झालेला नाही. रक्तातील बी-६ ची पातळी आणि त्रासाची तीव्रता यांचाही नेमका मेळ बसत नाही. एका सिद्धान्ताप्रमाणे, गोळीतले निष्क्रिय पायरिडॉक्सिन फार झाले की ते शरीराला प्रत्यक्ष लागणाऱ्या सक्रिय रूपाच्या जागा अडवते आणि पेशीला बी-६ ची कमतरता असल्यासारखेच भासते. हे खरे असेल तर अतिरेकाची आणि कमतरतेची लक्षणे इतकी सारखी का, याचेही उत्तर मिळते.

मधुमेहाबद्दल म्हणाल, तर ती शक्यता मी नाकारलेली नाही. पण आधीच मधुमेहाचा भार सोसणाऱ्या मज्जातंतूंवर दुसरा भार का ठेवावा? मधुमेह एका दिवसात दूर करता येत नाही. गोळी थांबवता येते. आपल्याला नऊ वर्षांपूर्वी ती कोणत्या कारणासाठी सुरू केली होती हे आठवत असेल, तर ते कारण आजही शिल्लक आहे का, एवढे अवश्य पाहावे.

सूक्ष्मदर्शी

मी रोगनिदान प्रयोगशाळेत काम करते. ताईंच्या प्रश्नातील एका वाक्यावर मी थांबले : ‘बी-१२ सामान्य आले होते’. केसांच्या गोळीत बायोटिन (बी गटातीलच एक जीवनसत्त्व) किती आहे, ते कृपया पाहाल का? अशा गोळ्यांत बहुधा ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असते, आणि रोजची गरज केवळ ३० मायक्रोग्रॅम असते, म्हणजे गोळीत गरजेच्या शेकडो पट बायोटिन असते.

बायोटिनने शरीराला सहसा अपाय होत नाही, परंतु तपासणीचा निकाल चुकू शकतो. रक्तातील संप्रेरके आणि जीवनसत्त्वे मोजणाऱ्या अनेक यंत्रांत बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारे स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन ही जोडी चिकटपट्टीसारखी वापरलेली असते. रुग्णाच्या रक्तातच बायोटिन भरपूर असेल, तर ते स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जागा आधीच अडवून बसते. मग तपासणीच्या पद्धतीप्रमाणे काही निकाल खोटे कमी येतात आणि काही खोटे जास्त. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच खोटे कमी आणि टी-३, टी-४ खोटे जास्त आले, की निरोगी माणसाचा अहवाल थायरॉइडचे कार्य वाढलेल्या रुग्णासारखा दिसतो. बी-१२ आणि ड जीवनसत्त्वही अशा काही यंत्रांवर प्रत्यक्षाहून जास्त दिसते. हृदयविकाराच्या झटक्यात पाहिले जाणारे ट्रोपोनिन मात्र कमी दिसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला, आणि जास्त बायोटिन घेणाऱ्या एका रुग्णाचे ट्रोपोनिन खोटे कमी आल्यानंतर त्याचा मृत्यू झाल्याची नोंद त्यात होती.

त्यानंतर अनेक कंपन्यांनी आपली रसायने सुधारली, त्यामुळे प्रत्येक यंत्रावर असे होईलच असे नाही. पण आपला नमुना कोणत्या यंत्रावर तपासला जाणार हे रुग्णाला ठाऊक नसते. म्हणून रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे आणि नमुना घेणाऱ्याला सगळ्या गोळ्यांची नावे सांगावीत. मात्रा फार मोठी असेल किंवा मूत्रपिंड मंदावले असेल, तर आणखी दिवस लागतात.

ताईंच्या बाबतीत दुसरीही अडचण आहे. बी-कॉम्प्लेक्समध्ये बी-१२ असते. ते दीड वर्ष घेतल्यावर मोजलेली रक्तातील पातळी गोळीचीच साक्ष देते, गोळी सुरू करण्याआधी कमतरता होती का ते त्यावरून ठरत नाही. डॉक्टरांना शंका वाटली तर ते मिथाइलमॅलॉनिक आम्ल तपासायला सांगू शकतात; पेशींना बी-१२ खरोखर पुरते आहे का, याचा अंदाज त्यावरून जास्त नीट येतो.

निशिगंध

केसांच्या गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १० मिलिग्रॅम बायोटिन आहे. मायक्रोग्रॅममध्ये लिहिलेला तो आकडा पाहून मी मुद्दाम ‘जास्त ताकदीची’ म्हणून हीच डबी घेतली होती. तपासणीच्या दिवशी सकाळीही मी ती गोळी घेतली होती आणि मला कोणीही काही विचारले नव्हते. डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलणे झाले. त्यांनी बेरीज ऐकून चारही गोळ्या आजपासून थांबवायला सांगितल्या आहेत.

अनुबंध

थोडे वेगळे पण जवळचे लिहितो. माझ्या वडिलांना ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची मात्रा आठवड्यातून एकदा घ्यायला सांगितली होती. चिठ्ठी वाचण्यात चूक झाली आणि त्यांनी ती सहा आठवडे रोज घेतली. प्रथम बद्धकोष्ठता झाली, मग सारखी तहान, सारखी लघवी, आणि शेवटी त्यांचे बोलणे असंबद्ध होऊ लागले. आम्हाला ते वयाचे लक्षण वाटले. रुग्णालयात रक्तातील कॅल्शियम १३ च्या वर निघाले, जे एरवी साडेदहाच्या आत असायला हवे, आणि मूत्रपिंडांवरही ताण आलेला होता. सलाइन आणि औषधांनी कॅल्शियम काही दिवसांत उतरले, परंतु ड जीवनसत्त्व चरबीत साठते, त्यामुळे त्याची पातळी खाली यायला कित्येक महिने गेले. तेवढा काळ दर थोड्या दिवसांनी रक्त तपासावे लागत होते.

हे लिहिण्याचे कारण असे, की ताईंच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये आणि कदाचित मॅग्नेशियममध्येही ड जीवनसत्त्व असू शकते. डबीवर ते कधी एककांत, तर कधी मायक्रोग्रॅममध्ये लिहितात. ४० एकके म्हणजे १ मायक्रोग्रॅम. वडिलांचा प्रसंग घडेपर्यंत मला हे माहीत नव्हते. देखरेखीशिवाय रोज घेण्याची प्रौढांची मर्यादा ४,००० एकके, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम आहे.

पारिजात

मी आधीच्या प्रतिसादात गोळ्या बंद करू नका असे लिहिले होते. ते लिहिताना बी-१२ आणि बी-६ एकाच डबीतून जातात याचा मी विचार केला नव्हता. ताई, माझ्या सल्ल्यामुळे आपण एखादा दिवस जरी जास्त घेतल्या असतील तर मला त्याचे मनापासून वाईट वाटते.

निशिगंध (पाच महिन्यांनंतर)

पारिजात, आपण वाईट वाटून घेऊ नये. आपण सांगितलेली बी-१२ ची बाजू खरी ठरली, ते पुढे लिहितेच. या धाग्यावर ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना पुढे काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

डॉक्टरांनी मला मेंदू व मज्जातंतूंच्या तज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी कंप पावणारा चिमटा पायाच्या अंगठ्यावर टेकवून थरथर जाणवते का असे विचारले. मला फक्त गार धातू जाणवला, थरथर नाही. तोच चिमटा गुडघ्यावर ठेवल्यावर स्पष्ट जाणवली. मग पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहायला सांगितले आणि मी दोन-तीन क्षणांतच झुकले. मज्जातंतूंच्या वहनाची तपासणी झाली. तीत संवेदी तंतूंचे संदेश क्षीण आणि स्नायूंकडे जाणाऱ्या तंतूंचे संदेश चांगले निघाले. रक्तातील बी-६ ची पातळी गोळ्या बंद करून नऊ दिवस झाल्यावरही सामान्य मर्यादेच्या कितीतरी वर होती. बायोटिन थांबवून पुन्हा तपासलेले बी-१२ आधीच्या आकड्यापेक्षा बरेच खाली आले, मिथाइलमॅलॉनिक आम्ल किंचित वाढलेले निघाले, आणि आता मला फक्त बी-१२ असलेली, बी-६ नसलेली गोळी दिली आहे. मधुमेहाचा वाटा किती आणि गोळ्यांचा किती, हे नेमके वेगळे करून सांगता येणार नाही असे तज्ज्ञांनी स्पष्ट केले. मात्र सात वर्षे मधुमेह असताना त्रास अवघ्या काही महिन्यांत इतका वाढला आणि तोही मात्रा दुप्पट केल्यावर, यावरून मुख्य संशय त्यांना बी-६ चाच वाटतो.

गोळ्या थांबवल्यावर पहिले तीन आठवडे त्रास वाढला. तळव्यांची आग इतकी होत असे, की रात्री पांघरुणाचा स्पर्शही सहन होईना. गोळ्या बंद करून चूक केली असे मला वाटू लागले होते आणि एका रात्री मी बी-कॉम्प्लेक्सची डबी पुन्हा हातात घेतलीही होती. तज्ज्ञांनी मात्र हे आधीच सांगून ठेवले होते : बी-६ थांबवल्यावरही दोन ते सहा आठवडे लक्षणे वाढू शकतात, आणि नेमक्या याच काळात लोक घाबरून गोळी पुन्हा सुरू करतात. सहाव्या आठवड्यापासून आग कमी झाली. घोट्यांचा बधीरपणा गेला आहे, बोटांचा आहे. तोंड धुताना मी अजून एक हात बेसिनवर ठेवते, पण गेल्या दोन महिन्यांत एकदाही तोल गेलेला नाही.

ज्या थकव्यापासून हे सारे सुरू झाले, त्याचे कारण लोहाची कमतरता निघाले. ती तपासणी दीड वर्षापूर्वी मी करून घेतली असती तर पहिल्या डबीची गरजच पडली नसती.

मज्जातंतूंची तपासणी सहा महिन्यांनी पुन्हा करायची आहे. ती झाली की दोन्ही अहवालांतील आकडे इथे शेजारी शेजारी देईन.